दमा आणि अंथरूण

दमा हा रोग आपल्या लोकांस नवा नाही. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी तमकश्वासाचे जे वर्णन आहे, ते वाचणारास दम्याच्या रोग्याची ओळख पटावयास वेळ लागत नाही. ह्या रोगाची कारणे सांगताना ग्रंथकाराने धूळ व धूर ह्या दोहोंचाही उल्लेख केलेला आहे. असे असूनही एखाद्या सुशिक्षित घरात कोणास दम्याची उबळ आली, की दोष प्रथम दिला जातो तो केळ्यास, दह्यास, माठातील पाण्यास, आणि फार झाले तर रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींस. ह्यांपैकी मोटारींवरचा आरोप खोटा नाही. परंतु ज्या वस्तूवर रोगी दररोज सात-आठ तास गाल टेकून निजतो, त्या त्याच्या स्वतःच्या गादीकडे व उशीकडे संशयाने पाहण्याचे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

हा संशय चार-पाचशे वर्षांपूर्वी एका वैद्यास आला होता. इटलीतील जिरोलामो कार्दानो हा गणिती म्हणून प्रसिद्ध असला तरी वैद्यकीचाही मोठा जाणकार होता. इ. स. १५५२ मध्ये स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूजचा आर्चबिशप जॉन हॅमिल्टन ह्याचा जुनाट दमा बरा करण्यासाठी त्यास एडिंबरोस पाचारण करण्यात आले. कार्दानोने आहारविहाराचे पुष्कळ नियम सांगितले. त्यांत एक नियम असा होता, की बिछान्यातील पक्ष्यांची पिसे काढून टाकावी व त्यांच्या जागी रेशीम भरावे. आर्चबिशपास चांगला आराम पडला. (पुढे १५७१ साली तो फासावर गेला, तो राजकारणापायी, त्यात दम्याचा अपराध काही नाही.) कार्दानोची कारणमीमांसा त्या काळच्या दोषविचारावर बेतलेली होती व ती आज कोणी मान्य करणार नाही. तथापि त्याचे बोट ज्या वस्तूकडे वळले, ती वस्तू अचूक होती.

पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी वैद्यकशास्त्रास वावड्याचे कोडे उलगडू लागले. व्हिएन्ना येथील क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या डॉक्टराने १९०६ साली ॲलर्जी हा शब्द प्रचारात आणला. मराठीत वावडे हा शब्द त्याच्या फार पूर्वीपासून आहे, आणि तो कोणत्याही परक्या शब्दापेक्षा उणा नाही. घरातील केराचा अर्क काढून तो दम्याच्या रोग्यांच्या त्वचेत टोचला असता तेथे गांधी उठते, हे १९२० नंतरच्या दोनचार वर्षांत अमेरिकेतील डॉक्टरांनी पाहिले. परंतु केरात तर सूत, केस, माती, अन्नाचे कण, किड्यांचे अवशेष असे शेकडो पदार्थ असतात. त्यांतील नेमका गुन्हेगार कोण, हे चाळीस वर्षे कळले नाही.

ते कळले हॉलंडमध्ये, आणि ते तेथे कळावे हे साहजिकच होते. तो देश सखल, कालव्यांनी भरलेला व दमट आहे. लायडन येथील प्राध्यापक स्टॉर्म फान लेउवेन ह्यांनी १९२० नंतरच्या दशकात असे दाखविले, की दमट घरांत राहणारे रोगी स्वच्छ हवेच्या खास खोलीत ठेवले असता सुधारतात. पुष्कळ रोगी स्वित्झर्लंडातील डाव्होससारख्या, सुमारे १५०० मीटर उंचीवरील कोरड्या ठिकाणी गेले की बरे होत व घरी परतले की पुन्हा पडत. त्याच लायडनमध्ये रेइंडर्ट वूरहोर्स्ट व फ्रित्स स्पीक्स्मा ह्यांनी १९६४ साली केरातील गुन्हेगार ओळखला. तो एक जिवंत प्राणी निघाला. कोळ्याच्या व गोचिडीच्या कुळातला, आठ पायांचा, लांबीने मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि जवळजवळ पारदर्शक असा हा जीव नुसत्या डोळ्यांस दिसत नाही. शास्त्रज्ञांनी त्यास डर्मॅटोफॅगॉइडिस असे लांबलचक नाव दिले आहे. त्याचा अर्थ त्वचेवर उपजीविका करणारा असा होतो. इंग्रजीत त्यास माइट म्हणतात. आपण त्यास धुळीतील किडा म्हणू.

ह्या किड्याचे जीवन मोठे चमत्कारिक आहे. तो चावत नाही, रक्त पीत नाही, अंगावर राहत नाही. माणसाच्या अंगावरून जी मृत त्वचेची सूक्ष्म खपली रोज गळते, ती खाऊन तो राहतो. आणि ही खपली सर्वांत जास्त कोठे साचत असेल तर ती अंथरुणात. पाणी पिण्याची सोय त्यास निसर्गाने दिलेली नाही. हवेतील दमटपणा तो आपल्या शरीरात शोषून घेतो. म्हणून जेथे हवा ओलसर व उबदार, तेथे त्याची चंगळ. आणि जेथे हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहते, तेथे तो वाळून मरतो. डाव्होसच्या हवेचे रहस्य बव्हंशी हेच. आता मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी येथील आषाढ-श्रावणातील हवा, तीवर निजलेल्या माणसाचा घाम व ऊब, आणि वर्षानुवर्षे न उसवलेली कापसाची गादी, एवढी सामग्री मनात आणली म्हणजे ह्या प्राण्यास आपल्या घरांत काही उणे पडत नसावे, हे ध्यानी येईल. देशावरील उन्हाळ्यात त्याचे हाल होतात खरे. परंतु गादीच्या पोटात ओल धरून राहिलेली असते, आणि तेथे तो तग धरतो.

आणखी एक शोध लागावयाचा राहिला होता. टोव्ही, चॅपमन व प्लॅट्स-मिल्स ह्या तिघा संशोधकांनी १९८१ साली असे सिद्ध केले, की अपाय करणारा पदार्थ मुख्यत्वे ह्या किड्याच्या विष्ठेत असतो. एक किडा दिवसाकाठी सुमारे वीस गोळ्या टाकतो, आणि प्रत्येक गोळी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास असते. ह्या गोळ्या जड असल्यामुळे हवेत फार वेळ तरंगत नाहीत. चादर झटकली, गादी उचलली किंवा मुलांनी पलंगावर उड्या मारल्या, की त्या उधळतात आणि थोड्याच मिनिटांत खाली बसतात. ह्या एका गोष्टीवरून दोन उलगडे होतात. खोली निवांत असता तिची हवा तपासली तर तीत हा पदार्थ जवळजवळ सापडत नाही, तरी रोगी आजारी पडतो; कारण त्याचे नाक उशीपासून चार बोटांवर असते. आणि हवा शुद्ध करणारी महागडी यंत्रे ह्या बाबतीत फारशी उपयोगी का पडत नाहीत, हेही कळते. जे हवेत नाही ते यंत्राने हवेतून गाळावयाचे कसे?

हा कण श्वासाबरोबर आत गेल्यावर काय घडते? श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस पेशींचे एक अस्तर असते आणि त्या पेशी एकमेकींस घट्ट बिलगून असतात. किड्याच्या आतड्यात अन्न पचविण्यासाठी जो पाचक रस असतो, तोच त्याच्या विष्ठेत उतरलेला असतो. ओल्या अस्तरावर पडताच तो विरघळतो, आणि खपली पचविण्याचे जे त्याचे काम, तेच तो येथेही करू लागतो. दोन पेशींमधील सांधे त्याने सैल होतात आणि परका पदार्थ आत शिरतो. तेथे शरीराचे पहारेकरी असतात. बहुतेक माणसांचे पहारेकरी ह्या पाहुण्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु काहींच्या शरीरात, व त्याचे मूळ पुष्कळदा आनुवंशिक असते, त्याच्याविरुद्ध एक विशिष्ट प्रतिद्रव्य तयार होते. ह्याचा शोध इशिझाका दांपत्याने अमेरिकेत व योहान्सन आणि बेनिक ह्यांनी स्वीडनमध्ये स्वतंत्रपणे लावला, आणि १९६८ साली त्यास आयजीई हे नाव मिळाले. हे द्रव्य श्वासनलिकेतील मास्ट नामक पेशींस जाऊन चिकटते. अशी पेशी म्हणजे ठासून ठेवलेली बंदूक समजावी. तोच कण पुन्हा आला, की चाप ओढला जातो आणि पेशीतील हिस्टमिनादी द्रव्ये बाहेर पडतात.

मग श्वासनलिकेत तीन गोष्टी होतात. तिच्या भोवतालचे स्नायू आवळतात, आतले अस्तर सुजते, आणि चिकट कफ सुटतो. तिन्हींचा परिणाम एकच, की नळीची पोकळी अरुंद होते. येथे गणिताचा एक नियम ध्यानात घेण्याजोगा आहे. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहास होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट न होता सोळापट होतो. सकाळी बरे दिसणारे मूल सायंकाळी एकाएकी गुदमरलेले का दिसते, ह्याचे उत्तर ह्या नियमात आहे. श्वास सोडताना नळ्या अधिकच मिटतात, म्हणून दम्याच्या रोग्यास हवा बाहेर टाकणे हे आत घेण्यापेक्षा अवघड जाते, आणि छातीत शिट्टी वाजते ती बहुधा श्वास सोडताना.

हा पहिला झटका पंधरा-वीस मिनिटांत जोरावर येतो व तास-दोन तासांत ओसरतो. पुष्कळांस वाटते, की प्रकरण तेथे मिटले. ते मिटलेले नसते. चार ते आठ तासांनी कित्येक रोग्यांत दुसरी लाट येते. पहिल्या झटक्यात सुटलेल्या द्रव्यांनी बोलावून आणलेल्या इओसिनोफिल नामक पेशी अस्तरात घुसतात आणि तेथे दाह पसरवितात. ही सूज दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकते, आणि तिने नळ्या इतक्या हळव्या होतात, की त्यानंतर थंड वारा, फोडणीचा खाट, पळणे, मोठ्याने हसणे एवढ्यानेही त्या आवळतात. केळ्यास व माठाच्या पाण्यास जो बोल लागतो, तो ह्या हळवेपणामुळे. शेवटची ठिणगी डोळ्यांस दिसते. रोज रात्री थोडथोडे साचलेले सरपण कोणास दिसत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास दमा बळावतो, त्यास शरीराचा स्वतःचा दिनक्रमही कारण आहे हे खरे. पण रात्रभर उशीस नाक लावून झोपणे हेही त्याच्या जोडीस असते.

अंथरूण आणि दमा ह्यांचा संबंध दाखविणारे एक उदाहरण दूरच्या पापुआ न्यू गिनीतील आहे. तेथील पूर्वेकडच्या डोंगराळ मुलुखात फोरे नावाचे लोक राहतात. त्यांच्या खेड्यांत पूर्वी दमा अगदी क्वचित आढळे. बाहेरच्या जगाशी दळणवळण वाढल्यावर लोकर-सुताची ब्लँकेटे त्यांच्या झोपड्यांत आली. ती धुण्याची रीत तेथे नव्हती. पुढे मोठ्या माणसांत दमा वाढू लागला, तेव्हा ऑस्ट्रेलियातील व स्थानिक संशोधकांनी तपास केला. १९८५ साली तो प्रसिद्ध झाला. ब्लँकेटांच्या धुळीत हे किडे अतोनात सापडले, आणि दम्याच्या रोग्यांपैकी बहुतेकांस त्यांचेच वावडे निघाले. त्या लोकांच्या आयुष्यात दुसरेही बदल झाले असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. तरी ह्या उदाहरणाचे वजन मोठे आहे.

घरात एवढा एकच शत्रू असतो असे मात्र नव्हे. शहरातील स्वयंपाकघरांत झुरळे असतात. त्यांची विष्ठा, लाळ व वाळलेली कलेवरे ह्यांचेही वावडे असते. अमेरिकेतील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांत दम्याने पिडलेल्या मुलांची पाहणी झाली, तिचा वृत्तांत १९९७ साली आला. ज्या मुलांस झुरळाचे वावडे होते आणि ज्यांच्या निजण्याच्या खोलीतही त्याचा अंश पुष्कळ होता, त्यांस इतर मुलांच्या मानाने तिपटीहून अधिक वेळा रुग्णालयात ठेवावे लागले होते. मांजराची गोष्ट वेगळी. त्याच्या लाळेतील व कातडीतील पदार्थ अतिसूक्ष्म कणांवर स्वार होऊन तासन् तास हवेत तरंगतो, कपड्यांबरोबर मांजर नसलेल्या घरीही पोचतो, आणि मांजर दुसऱ्यास देऊन टाकल्यावरही महिनोन् महिने घरात राहतो. पावसाळ्यात भिंतीस जी ओल येते, तीवरील बुरशीचे बीजकण हेही ह्याच पंक्तीतले. भिंत वरून रंगविण्यापेक्षा गळती बंद करणे स्वस्त पडते.

धुराचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. उदबत्ती, धूप, डासांसाठी जाळावयाची कॉइल ह्यांचे सहसा वावडे नसते. ती सुजलेल्या नळ्यांस नुसती चुरचुरवितात, आणि तेवढे पुरते. एक कॉइल जळून गेली असता तीतून सूक्ष्म कणांचे जे वजन बाहेर पडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातील कणांइतके असते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत आढळले. दारेखिडक्या बंद करून, मूल झोपलेल्या खोलीत ही लावणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. देवापुढची उदबत्ती कोणी सोडावी असे नाही. ती रोग्याच्या खोलीबाहेर लावल्याने देव रागावेल असे वाटत नाही.

आता उपाय. येथे स्पष्ट बोलणे अवश्य आहे, कारण ह्या विषयावर बाजारात वस्तू विकणारे पुष्कळ आहेत. गादीस व उशीस घट्ट विणीची अभेद्य खोळ घातली म्हणजे दमा जातो, अशी जाहिरात असते. ११२२ प्रौढ रोग्यांवर ब्रिटनमध्ये केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या अशा खोळीने काही लाभ दिसला नाही. उलट मँचेस्टर येथील संशोधकांनी किड्याचे वावडे असलेली व झटक्यामुळे रुग्णालयात यावे लागलेली मुले निवडून त्यांच्या अंथरुणास अशा खोळी घातल्या. त्याचा निष्कर्ष २०१७ साली आला: वर्षभरात खोळवाल्या मुलांपैकी २९ टक्क्यांस पुन्हा झटक्यासाठी रुग्णालय गाठावे लागले, साध्या खोळी मिळालेल्या मुलांत हे प्रमाण ४१ टक्क्यांहून अधिक होते. ह्यावरून असे दिसते, की आधी वावडे खरोखर कशाचे आहे ते त्वचेच्या किंवा रक्ताच्या चाचणीने ठरवावे, आणि मग त्यावर सर्व बाजूंनी उपाय करावा. त्यातही मुलांस लाभ अधिक. ज्यास किड्याचे वावडेच नाही, त्याच्या गादीवर पैसे खर्चणे व्यर्थ होय.

आपल्या घरांत जे सहज होण्याजोगे आहे, ते असे. चादरी, अभ्रे व पांघरुणे आठवड्यास एकदा सुमारे साठ अंश उष्णतेच्या पाण्यात धुवावी. एवढ्या उष्णतेने किडा मरतो आणि त्याची घाण पाण्याबरोबर वाहून जाते. गाद्या कडक उन्हात घालण्याची आपल्या आज्यांची रीत उत्तम होती. तीत एकच उणीव राहते. उन्हाने किडा मरतो, त्याची विष्ठा मात्र गादीत तशीच राहते. म्हणून वाळलेली गादी चांगली बडवावी लागते, आणि ती अंगणात किंवा गच्चीवर, रोग्यास दूर ठेवून. सुक्या केरसुणीपेक्षा ओल्या फडक्याने जमीन पुसणे बरे. मुलाच्या खोलीत गालिचा, जाड पडदे व केसाळ खेळणी नसावी.

आणि येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघर माळे उतरतात, गाद्या बडविल्या जातात, वर्षाचा केर एका दिवसात निघतो. आणि पुष्कळ घरांत हे काम जिच्या वाट्यास येते, ती घरातली सून किंवा मुलगी स्वतःच दमेकरी असते. तिने नाही म्हटले तर ती कामचुकार ठरते. रात्री तिला धाप लागली तर ती दगदगीने लागली असे सर्वजण समजतात. वस्तुतः त्या दिवशी तिने वर्षभराचा अपाय काही तासांत छातीत भरून घेतलेला असतो, आणि दुसरी लाट यावयाची असते ती रात्री, सर्वजण झोपल्यावर. हे काम घरातल्या निरोगी पुरुषाने अंगावर घेतले, तर त्याच्या प्रतिष्ठेस धक्का लागण्याचे कारण नाही.

गादी कितीही स्वच्छ केली तरी औषधाची गरज सरत नाही. भारतात दम्याचे रोगी जगाच्या मानाने सुमारे १३ टक्के, पण दम्याने होणारे मृत्यू ४० टक्क्यांहून अधिक, असा २०१९ सालच्या जागतिक रोगभार-अभ्यासाचा अंदाज आहे. ह्या विषमतेची कारणे अनेक असली, तरी त्यांत एक आपल्या घरातले आहे. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाची, ज्यास लोक पंप म्हणतात त्याची, धास्ती. पंपाची सवय लागते, पंप हा शेवटचा उपाय, पंप पाहिला तर मुलीचे लग्न मोडेल, अशा समजुती चांगल्या शिकलेल्या घरांतही आहेत. आणि त्यांपायी तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली लपविला जातो. पंप दोन तऱ्हांचे असतात. साल्ब्युटॅमॉलसारखे औषध आवळलेले स्नायू सैल करते व दहापाच मिनिटांत आराम देते. पण ते अस्तराची सूज घालवीत नाही. सूज उतरविते ते श्वासावाटे घेतलेले स्टेरॉइड. ते १९७२ पासून उपलब्ध आहे. आराम देणारा पंप तेवढा वारंवार ओढावयाचा आणि दाह आत तसाच धुमसू द्यावयाचा, ह्यात जिवास धोका असतो. म्हणूनच जिना ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ साली असे सांगितले, की मोठ्या व किशोरवयीन रोग्यांनी केवळ आराम देणाऱ्या औषधावर विसंबू नये. उपचारात श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड असलेच पाहिजे.

स्टेरॉइड ह्या शब्दाने जे दचकतात, त्यांनी मात्रेचा हिशेब पाहावा. पंपातील नेहमीची मात्रा शंभर-दोनशे मायक्रोग्रॅमची असते. झटका आल्यावर पोटात द्यावयाची प्रेडनिसोलोनची पाच मिलिग्रॅमची एक लहान गोळी म्हणजे पाच हजार मायक्रोग्रॅम, आणि अशा कित्येक गोळ्या रोज द्याव्या लागतात. शिवाय ती साऱ्या शरीरात फिरते. पंपातील औषध जेथे हवे तेथे थेट पोचते. लहान मुलांस पंप थेट तोंडात न देता स्पेसर नामक पोकळ नळा मध्ये लावून द्यावा, म्हणजे औषध घशात न आदळता खाली उतरते. औषध घेऊन झाल्यावर पाण्याने चूळ भरून ती थुंकून टाकावी. तसे न केल्यास तोंडात पांढरी बुरशी धरते. डोस किती व केव्हा कमी करावयाचा, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. बरे वाटू लागले म्हणून घरच्यांनी तो आपल्या मनाने बंद करू नये.